नारायण मास्तरांची कुऱ्हाड

नारायण मास्तर दगडानं दाढी करीत. गारगोटीची चिलपी काढायची आणि तिच्या धारेनं, अनसिंगच्या भर बाजारात, पिंपळाखाली बसून. रक्त थांबवायला गालावर कापसाचे इतके बोळे चिकटवत की एकदा जिनवाल्या शेटनं त्यांना भाव विचारला.

मी त्यांच्याच शाळेत दुसरीला शिकवत असे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. नाल्यात सापडलेला एक टोकदार दगड पाहून कुण्या साहेबानं मास्तरांना सांगितलं, ही हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाची कुऱ्हाड आहे. झालं! तेव्हापासून तो माणूस मास्तरांचा आजा. "आपला आजा काई येडा नोहता गड्या," म्हणत ते त्याच्यासारखं जगून दाखवू लागले. दोन दगडांत ज्वारी भरडत. भाकरीत पीठ किती आणि दगड किती, ते खाणाऱ्याच्या दाढेलाच ठाऊक. एकदा बकऱ्याचं कातडं पांघरून वर्गावर आले, तर गावातली अठ्ठावीस कुत्री तीन दिवस पहिलीत बसून होती. हजेरीही पोरांपेक्षा चांगली.

त्यांची इच्छा एकच, शाळेत आज्याच्या वस्तूंचं एक कपाट असावं. शाळा तपासणारे डिप्टी म्हणाले होते, पुढच्या खेपेला एक अस्सल नग दाखवा, कपाट मंजूर.

नग होता. पण मास्तरांनी तो लोकांना दिसावा म्हणून बाजाराच्या दिवशी पिंपळाच्या पारावर उभा रोवला आणि चहाला गेले. येऊन पाहतात तर कुऱ्हाडीला शेंदूर, पुढ्यात नारळ, आणि एक म्हातारी नवस बोलून राह्यलेली.

"देव नोहे मावशी, कुऱ्हाड हाय थे."

"मंग देवाच्या हातात काय लेखणी असते?" म्हातारी म्हणाली.

मास्तर पाटलाकडे गेले. पाटलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पाराला चुना मारून दिला.

शेवटी मास्तरांनी हुबेहूब जोड घडवली. त्यात त्यांची दोन नखं आणि माझा चष्मा कामी आला. बेत असा, की डिप्टी यायच्या दिवशी पहाटे दगड बदलायचा. पण आम्ही गेलो तेव्हा पारावर एक बाई बसलेली. मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू. त्याचा एवढासा हात तिनं दगडावर दाबून धरलेला. मास्तरांनी हातातली जोड धोतराच्या सोग्यात लपवली. मग मला म्हणाले, "चाल."

दुपारी त्यांनी डिप्टींपुढे जोड ठेवली आणि मीच घडवली, असंही सांगून टाकलं. डिप्टी हसले. अस्सल एकही नाही का, त्यांनी विचारलं.

"नाही जी," मास्तर म्हणाले. "एकबी नाही."

डिप्टींचा टांगा गेल्यावर मी भडकलो. इतक्या वर्षांचं कपाट घालवलंत, तिथं पारावर दगड आहे हे नुसतं सांगायला काय झालं होतं?

मास्तर एकटे राहत. त्यांच्या घरचं कधी कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. बाकावरची दगडाची भुकटी बोटानं गोळा करत ते म्हणाले, "माही लेक सुमी तापातच गेली, गड्या. तवा मले धराले दगडबी नोहता."