आपोआप भरणारी टाकी

समोरच्या प्लंबरला बोलवायचं नाही, असं हेडक्लार्कनी शनिवारी सकाळी सात वाजता ठरवलं, आणि तिथंच सगळं फिसकटलं. (प्लंबर तेव्हा आपल्या पायरीवर बसून पेपर वाचत होता. नुसतं ‘अहो’ म्हटलं असतं तरी आला असता.)

एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं हेडक्लार्क, म्हणून गल्लीतही त्यांचं नाव हेडक्लार्कच. माणूस सज्जन, पण दीड वर्षापूर्वी त्यांनी परसात माशांची काचेची टाकी बसवली आणि घरादाराच्या नाकी नऊ आले. खाली टाकीत बावीस मासे. वर लोखंडी घोडीवर खडीने भरलेला पसरट वाफा, त्यात पुदिना आणि पालक. पंप टाकीतलं पाणी वाफ्यात चढवणार, माशांची घाण रोपं खाणार, आणि वाफा काठोकाठ भरला की सगळं पाणी भसकन पुन्हा टाकीत येणार. दिवसरात्र हेच. हेडक्लार्क समोर खुर्ची टाकून बसत आणि पाहुण्यांना सक्तीने बसवत.

अडचण एकच. उन्हाने रोज टाकीतलं दोन बोटं पाणी उडून जायचं. ते भरलं नाही तर पंप कोरडा पडणार आणि मासे मरणार. त्यामुळे हेडक्लार्क घर सोडून कुठे मुक्कामाला जात नसत. लेकीला मुलगी झाली, तरी गेले नाहीत. नात साडेचार महिन्यांची झाली, आजोबांनी तिला अजून हातात घेतलं नव्हतं.

“एक काय ते सांगा,” बायको मागच्या आठवड्यात म्हणाली होती, “नात की मासे? शनिवारी अकराची गाडी आहे. मी दोन तिकिटं काढलीत. दुसऱ्या सीटवर माणूस बसवायचा की बॅग ठेवायची, ते तुम्ही ठरवा.”

हेडक्लार्कना नात हवीच होती हो! फोनमधले तिचे फोटो बोटाने मोठे करकरून ते ऑफिसात एकटेच हसत. म्हणून त्यांनी फ्लशच्या टाकीत असतो तसा, दांडीला चेंडू असलेला फ्लोट आणला. पाणी खाली गेलं की चेंडू खाली, नळ चालू. पाणी वर आलं की चेंडू वर, नळ बंद. ह्यात प्लंबर कशाला?

काम करताना शॉक बसू नये म्हणून त्यांनी पंप बंद केला. (दूरदृष्टी!) गच्चीवरच्या टाकीतून पाइप आणला, फ्लोट बसवला, मगभर पाणी काढून पाहिलं. चेंडू खाली गेला, नळ सुरू झाला, पाणी जागेवर आलं, नळ बंद. हेडक्लार्कना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी चार वेळा मग बुडवला. नंतर पंप चालू केला आणि शीळ घालत कपडे भरायला आत गेले.

आठ वाजता शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या.

“भाऊजी, तुमची टाकी भरून वाहतेय. आमच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आलंय.”

हेडक्लार्क परसात आले. टाकीतलं पाणी चांगलं चार बोटं खाली होतं.

“वहिनी, ही वाहणारी टाकी आहे? अहो, उलट कमी पडतंय!”

“मी डोळ्यांनी पाहिलं.”

“मीही डोळ्यांनीच पाहतोय.”

वहिनी निघून गेल्या. हेडक्लार्कनी फ्लोटची दांडी जराशी वर वाकवली, म्हणजे पाणी आणखी भरावं. एवढं करून ते दाढी करायला गेले.

साडेआठला बायको ओरडली, “अहो, टाकी वाहतेय!” तोंडाला फेस घेऊन ते धावले. पाणी पाच बोटं खाली.

“तुम्ही दोघी मिळून माझी चेष्टा करताय का?”

“मी कशाला चेष्टा करू? आत्ता ओसंडत होती! ही चप्पल बघा!” चप्पल बघण्यासारखीच होती. तिच्यात बोटाएवढा मासा होता.

हेडक्लार्कनी मासा टाकीत सोडला आणि दांडी अजून वर वाकवली.

खरं म्हणजे बायकाही आणि हेडक्लार्कही खरंच बोलत होते, हीच तर पंचाईत. पाणी वाफ्यात चढलं की टाकी रिकामी दिसायची. फ्लोट बिचारा समजायचा, पाणी संपलं, आणि नळ सोडायचा. तेवढ्यात वाफ्यातलं पाणी आपलं घर म्हणून परत यायचं, तर घरात आधीच दुसरं बसलेलं! मग ते गल्लीत. आणि हेडक्लार्क पाहायला येत ते नेमके पाणी वर गेलेलं असताना. एक खुर्ची टाकून वीस मिनिटं बसले असते तर कळलं असतं. दीड वर्ष बसले, त्या दिवशी तेवढे बसले नाहीत.

साडेनऊला न्हाणीघरातून हाक आली. ती हाक हेडक्लार्क जन्मात विसरणार नाहीत.

“अहोऽऽ! नळाला पाणी नाहीये!”

“असं कसं? काल रात्री वरची टाकी भरलीय.”

“माझ्या डोक्याला शाम्पू आहे! असं कसं ते मला नका विचारू!”

शेवटी प्रवासासाठी भरलेल्या पिण्याच्या पाण्याच्या तीन बाटल्या दारातून आत गेल्या. आत काय बोललं गेलं ते इथे न सांगितलेलं बरं.

आता मात्र हेडक्लार्क तडक दारात गेले. समोरच्या प्लंबरला हाक मारावीच लागली. तो आला, पेपर काखेत धरून वीस मिनिटं उभा राहिला, वाफा भरताना पाहिला, रिकामा होताना पाहिला.

“साहेब, पाणी कुठं गेलं नव्हतं. वर गेलं होतं. येतच होतं परत.”

“मग आता?”

“ते मी करतो नीट. पण मासे बघा.”

मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. सकाळपासून टाकीतलं जुनं पाणी गल्लीत गेलं होतं आणि त्याजागी नळाचं औषध घातलेलं पाणी आलं होतं.

“ह्या पाण्यातलं औषध उडायला पाहिजे,” प्लंबर म्हणाला. “मगाने उचलायचं, उंचावरून सोडायचं. आजचा दिवस, उद्याचाही. नाहीतर एकही राहत नाही.”

“तू थांबतोस का रे?”

“मला तीन घरी काम आहे, साहेब.”

सव्वादहाला टॅक्सी आली. बायको डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभी. हेडक्लार्कनी मग हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

“मरू देत ना ते!” ती म्हणाली, आणि लगेच टाकीकडे बघून तिचाच आवाज उतरला. “राहू दे. थांबा तुम्ही. मी जाते.”

दुसऱ्या सीटवर बॅग बसली.

हेडक्लार्क दोन दिवस मग उचलून पाणी सोडत राहिले. खांदा कामातून गेला. एकदा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तेही त्यांनी बाहीने पुसलं, उगाच टाकीत खारं नको म्हणून. आपल्या हातून आयुष्यात एकच यंत्र धड चाललं, आणि त्याने नेमकं आपल्यालाच नातीपासून तोडलं, असं त्यांना वाटत राहिलं.

रविवारी संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. हातातला मग खाली ठेवून हेडक्लार्कनी ओल्या हाताने फोन धरला. पडद्यावर नात! त्यांना बघताच ती खुदकन हसली, हात नाचवायला लागली.

“ओळखलं! अगं, तिने मला ओळखलं!” हेडक्लार्क ओरडले. त्यांनी फोन अगदी चेहऱ्याजवळ घेतला.

नातीने भोकाड पसरलं.

“बाबा,” लेक म्हणाली, “जरा बाजूला व्हा ना. तिला मागचे मासे दिसत नाहीयेत.”