कंसमामांचं ऊन

आमच्या सोसायटीतल्या बोडक्यांना 'कंसमामा' हे नाव मी ठेवलं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणावर संशय नको. नावाला दोन कारणं होती आणि तेव्हा मला दोन्हींचा फार अभिमान होता. एक त्यांचे पाय. गुडघ्यांपाशी बाहेर वाकलेले. समोरून पाहिलं तर दोन कंस, आणि मधलं वाक्य लिहायचं राहून गेलेलं. दुसरं, तान्ह्या मुलांच्या मागे लागायची त्यांची खोड. नाव आठवड्याभरात इमारतभर झालं. सगळे त्यांना तोंडावर 'मामा' म्हणत आणि पाठ वळली की पुढचा शब्द जोडत.

बोडके मूळचे इगतपुरीचे. रेल्वेत कारकून होते. निवृत्त होऊन नाशकात आले आणि आमच्या तळमजल्यावर एकटे राहतात. ते कुणाला नमस्कार करत नाहीत. "ऊन घेतलं का?" असं विचारतात. भाजीवालीला विचारतात, पोस्टमनला विचारतात. एकदा दुसऱ्या मजल्यावर मयताला आलेल्या पाहुण्यांनाही विचारलं होतं.

रोज सकाळी ते पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसतात. ऊन सरकलं की खुर्ची सरकते. खुर्ची जनरेटरपाशी पोचली म्हणजे शाळेची व्हॅन चुकली, हे आमच्याकडे घड्याळ न बघता कळतं. तिसऱ्या मजल्यावरची एक सून बाळाला घेऊन बंद खिडकीशी बसली होती, तर यांनी खालून आरोळी ठोकली, "ओ ताई, काचेतलं धरत नाय! बाहेर आणा त्याला!"

मूल दिसलं की लोक गाल ओढतात. बोडके मनगट चाचपतात, मग घोटे, मग दोन पावलं मागे सरून पायांकडे बघत राहतात. घर घेणारा माणूस भिंत ओळंब्यात आहे का बघतो, तसे. आणि निकाल देतात, "दाखवून घ्या डॉक्टरला." हा निकाल प्रत्येक मुलाला मिळे. बहुतेक मुलं ठणठणीत निघत. एक बाप तपासण्या करून परत आला आणि भांडायला उभा राहिला. बोडके म्हणाले, "काय नाय ना निघालं? मग पेढे आणायचे सोडून भांडताय काय?"

माझी नात ईरा. मुलगी-जावई दोघंही नोकरीला, म्हणून ती दिवसभर आमच्याकडे असते. गणपतीत सोसायटीने बाळसेदार बालक स्पर्धा ठेवली, त्यात ईरा पहिली आली. मी समितीत होतो, हेही इथे सांगून टाकतो. चांदीची वाटी मिळाली. टाळ्या वाजल्या. बोडक्यांनी वाजवल्या नाहीत. ते जवळ आले, ईराचं मनगट धरलं.

"बाळसं लय हाय. पण सव्वा वर्षाची झाली ना? उभी राहत नाय का अजून?"

"जड आहे हो. राहील सावकाश."

"वजन म्हणजे हाड नाय, साहेब. दाखवून घ्या. वाटी मला पण मिळाली होती."

शेवटचं वाक्य मी बढाई समजलो.

त्या संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मामा म्हणताहेत तर दाखवू या का एकदा?"

"कोण, कंसमामा?" मी म्हणालो.

घरभर हसू झालं. मुलगीही हसली. विषय संपला. माझ्या विनोदाने संपला, हे लिहिताना अजून टोचतं. उन्हाचं म्हणाल तर ईराला आम्ही खाली नेतच नव्हतो. पोर काळी पडेल, ही आमच्या घरातली मोठी काळजी होती.

संक्रांतीला तिचं बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने घालून बायकोने तिला हाताला धरून पाटावर उभं केलं. सगळे दागिन्यांकडे बघत होते. मी पहिल्यांदाच पायांकडे पाहिलं. दोन लहान कंस.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मनगटाचा एक्स-रे काढला. 'ड' जीवनसत्त्व फार कमी होतं, हाडं मऊ राहिली होती.

"पण एवढी गुटगुटीत आहे हो," बायको म्हणाली.

"गुटगुटीत मुलांतही कमी निघतं. काट्यावर वजन कळतं, हाडं नाही कळत. लहान आहे, औषधाने पाय बहुधा सरळ होतील. नुसत्या उन्हावर विसंबू नका, औषध मी सांगते तेवढंच द्या. जरा लवकर आणायला हवं होतं."

शेवटचं वाक्य त्यांनी कुणाकडे बघून म्हटलं नाही. मी ते माझ्याकडे घेतलं.

औषध सुरू झालं. मी मात्र जिना उतरताना वाक्यं जुळवायचो आणि पार्किंगमध्ये पोचलो की गाडी पुसायचो. गाडी इतकी स्वच्छ कधीच नव्हती. शेवटी एका रविवारी ईराला कडेवर घेऊन बोडक्यांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

"औषध कडू तर नाय ना?" त्यांनी आधी हे विचारलं.

"नाही."

"मग बरं." ते आपल्या उघड्या नडग्यांकडे बघत राहिले. "मला पण बाळसं होतं, म्हणून आईला शंकाच नाय आली. इगतपुरीचा पाऊस, अन् मी चार महिने गोधडीत. पितळेची वाटी मिळाली. पुढं गार्ड व्हायचं होतं, तर पाय बघून टेबलावर बसवलं. लग्नाचं पण तसंच. स्थळ बघायला गेलो की पोरीची आई आधी माझी चाल बघायची."

"मामा, तुमचं ते नाव... ते मी ठेवलं होतं."

"कंस ना? ठाऊक हाय. पोरांनी लिफ्टमधी खडूनं लिहिलं होतं. अनुस्वार बरोबर दिलता."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"मला ना बहीण, ना भाऊ. मला मामा म्हणणारं कोण होतं? म्हटलं, पुढचं सोडू, मागचं घेऊ."

मी ईराला खाली ठेवलं. तिने त्यांच्या खुर्चीचा पाय धरला आणि उभी राहिली. त्यांनी तिचं मनगट चाचपलं नाही. नुसतंच बोट पुढे केलं, ते तिने पकडलं.

"सरका साहेब, तुमची सावली पडतीये पोरीवर."

मी बाजूला झालो. जुळवून आणलेली सगळी वाक्यं गेली.

"मामा," मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ करा."