आधी भोपळा, मग लेकरू

साक्रीच्या आठवडे बाजारात एखादा तरुण बाप बायकोच्या चार पावलं पुढे रिकाम्या हाताने चालताना दिसला, की दगाआबा त्याला अडवतात आणि त्याच्या हातात भला मोठा भोपळा ठेवतात. "धर भो, जरासा." म्हातारा माणूस म्हणून तो बिचारा धरतो. दोन्ही हात आपोआप पोटाशी येतात. तेवढ्यात लेकरू कडेवर घेतलेली बायको मागून पोचते. आबा भोपळा काढून घेतात. "देख, तुना हात बराबर शेतस. आते पोर ले." आणि पुढचं गिऱ्हाईक शोधायला लागतात.

आबा एसटीतले निवृत्त कंडक्टर. आमच्याकडे बापाने वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलायचं नाही, अशी जुनी लाज आहे. मूल रडून लाल झालं तरी बाप आपला खांबाकडे बघत बसतो. ही लाज मोडायचा आबांनी ध्यास घेतलाय, पण त्यांचं शास्त्र मोठं अजब. कुणालाही 'चुकलास' म्हणायचं नाही. सभा घ्यायची नाही, घरी जायचं. आणि गेल्यावर आधी आजोबांशी गप्पा मारायच्या.

मी शिक्षक. पालकसभेत तासभर भाषण ठोकणारा. पण माझी मुलगी आठ महिन्यांची झाली तरी नानांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, मी तिला हात लावला नव्हता. पाहुण्याकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघायची. मला ते फार लागायचं.

एक दिवस आबा आले आणि पोरीला उचलून थेट नानांच्या मांडीवर ठेवलं. "नाना, तुमनाजोडे कशी गपचूप बठनी!" नाना फुलले. पंधरा मिनिटं दोघं कांद्यावर बोलले. मग आबा हळूच म्हणाले, "पाय भरी उना व्हतीन तुमना. द्या तिना बापले."

आणि नानांनी स्वतः, दोन्ही हातांनी, माझी पोर माझ्याकडे दिली. वाद नाही, कुणाचा अपमान नाही. मी थक्क झालो. बी.एड.ला मला हे कुणी शिकवलं नव्हतं. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या दिवाळीत आबांचा मुलगा दोन दिवसांसाठी सुरतहून आला. चाळिशीचा गडी. मी स्टँडवरच होतो. आबा लगबगीने त्याच्याकडे गेले, दोन्ही हात पुढे केले, आणि त्याच्या हातातली बॅग घेतली. मग बाप पुढे, लेक मागे, दोघं निघून गेले.

तो परत जायच्या दिवशी दुपारी आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. 

"मास्तर, मना बापसमोर मी त्याले कधी उचलंच नही. आते एवढा मोठा पोऱ्याले जवळ कसं लेवानं?"

मी म्हटलं, "आबा, आत्ता मला जे सांगितलंत, तेच त्याला सांगा."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "चारनी गाडी शे त्यानी," एवढंच म्हणाले, आणि भर बाजारपेठेतून घराकडे पळत सुटले. सत्तरीच्या माणसाला असं पळताना मी कधी पाहिलं नव्हतं.