वर्ल्ड टूर, मुक्काम लाखनी

लाखनीच्या मंडईत यंदा नाटक ठेवायचं नाही, असं ताराचंद कापगत्याने ठरवलं आणि तिथूनच त्याचे ग्रह फिरले.

आता नाटक नाही म्हणजे काय? आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, शिंगाडे, गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांचा नाच आणि दिवस मावळला की नाटक. मंडईला दहा गावचे पाहुणे येतात, चहा पिता पिता पोरगी पाहून घेतात आणि नाटकातला खलनायक मरेपर्यंत सोयरीक पक्की होते. निम्म्या भंडारा जिल्ह्याची लग्नं अशी मंडईत जमलेली आहेत (उरलेल्या निम्म्यांची मोडली, तीसुद्धा मंडईतच).

पण ताराचंद धानाच्या कामाने गोंदियाला गेला होता आणि तिथे त्याने रॉकी डायमंड पाहिला होता. रॉकी डायमंड म्हणजे पॉपस्टार. पोस्टरवर लिहिलंच होतं तसं: ‘वर्ल्ड टूर! लंडन – दुबई – नैरोबी – गोंदिया!’ चांदीसारखा चमकणारा कोट, खांद्यावर रुळणारे केस आणि सगळ्या मांडवात धूर. शेवटच्या गाण्यात कडाडून वीज पडायची, रॉकी मरायचा, काळे कपडे घातलेले चार जण त्याला काळ्या पेटीत घालून नाचवायचे. बायाबापड्या डोळे पुसायच्या. तेवढ्यात झाकण धाडकन उघडायचं आणि रॉकी दोन्ही हात वर करून ओरडायचा, “हॅलो गोंदियाऽऽ!” ताराचंद खुर्चीवरून पडला होता. पडल्या पडल्याच त्याने ठरवलं, हा माणूस लाखनीला पाहिजे.

कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. बाबूलाल म्हणाला, “पण कायले जी? नाटक का वाईट हाय?”

“लंडनले जे पाह्यते ते लाखनीनं काहून पाहू नये?” ताराचंद म्हणाला. तो कमिटीचा अध्यक्ष होता, कारण मांडवाचे बांबू त्याचे होते. विषय संपला.

दुसरा निर्णय त्याने मनातल्या मनात घेतला: पेटीचं कोणालाच सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही. सस्पेन्स! (लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने बायकोपासून मुडद्याची पेटी लपवावी, यावरून त्याच्या अकलेचा अंदाज यावा.)

त्यातच पवनीचे पाहुणे त्याच्या पोरीला, सत्यवतीला पाहायला त्याच दिवशी येणार होते. मुलगा मास्तर. सत्यवतीने त्याला मावशीकडे एका लग्नात पाहिलं होतं आणि आईच्या कानात सांगितलंही होतं. आधीची सोयरीक ताराचंदच्या तोंडामुळे मोडली होती. त्याने भर पंगतीत मुलाच्या बापाला तांदळाची पारख शिकवली होती. म्हणून त्याच्या बायकोने, कुंताबाईने या वेळी आधीच बजावलं.

“पोरीले पोट्टा पसंत हाय. या बारीले तुम्ही काही खेळ केला तं पाहा. तुम्ही फक्त बसा अन् हो म्हणा.”

“अवं, वर्ल्डचा स्टार आपल्या घरी उतरला हे पाहूनच पोट्ट्याचा बाप, आपला इवाई, हो म्हणते का नाही, तू पाय!”

“स्टार गेला चुलीत,” कुंताबाई म्हणाली.

मंडईच्या सकाळी मेटॅडोर आली. चांदीच्या कोटातून रॉकी उतरला. ताराचंदने झेंडूचा जाडजूड हार त्याच्या गळ्यात घातला. रॉकी म्हणाला, “थँक्यू अंकल, लव्हली प्लेस!” आणि फटाक्यासारखा शिंकला. मग पुन्हा शिंकला. ताराचंदच्या अंगणात नवं धान येऊन पडलेलं, भुसा हवेत तरंगतोय आणि वर्ल्ड स्टारचं नाक पाट सोडल्यासारखं वाहतंय.

कुंताबाईने त्याला खालून वर पाहिलं. “काटकुळा झाला बिचारा. लंडनात याले कोणी जेवाले देते का नाही?” तिने त्याला चिन्नोर तांदळाचा भात वाढला. तो पोटभर जेवला, आणि ताराचंद पाहुण्यांना आणायला एस.टी. स्टँडवर गेला.

यानंतर घरात काय झालं ते त्याला मागाहून कळलं. रॉकीची माणसं मांडव बांधायला मैदानावर गेली. रॉकीने संध्याकाळसाठी तोंडाला पांढरा रंग फासून ठेवला, कारण तो सुकायला वेळ लागतो. आता जरा झोपावं, तर घरातल्या सगळ्या खाटांवर मंडईचे पाहुणे घोरत पडलेले. मग त्याने आपली काळी पेटी ओसरीत ओढली. आत छान गादी होती. मैदानावरचा भोंगा कान फाडत होता, म्हणून त्याने कानात कापूस घातला. नाक थांबेना, म्हणून नाकातही कापूस घातला. सत्यवतीने जाता जाता घशासाठी तुळशीचं पान दिलं, ते त्याने ओठात धरलं, आणि साडी नेसायला ती शेजारी निघून गेली. रॉकी आडवा झाला, गळ्यातला हार छातीवर नीट लावला, वर पांढरी चादर घेतली आणि गाढ झोपला.

आणि कुंताबाई ओसरीत आली.

इकडे ताराचंद पवनीच्या पाहुण्यांना घेऊन मोठ्या तोऱ्यात येत होता. मुलाचे वडील लक्ष्मणराव, आई देवकाबाई आणि मागे मान खाली घालून मास्तर. “इवाई, आज तुमाले असं काही दाखवतो का जन्मात विसरणार नाही,” तो म्हणाला. (हे एवढं मात्र खरं झालं.)

गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला.

“कोणाकडं झालं जी?” देवकाबाईने पदर सावरत विचारलं.

“असन कोणाकडं,” ताराचंद म्हणाला. पण चार पावलांवर त्याने कान टवकारले, कारण तो सूर त्याच्या ओळखीचा होता. सासू गेली तेव्हा कुंताबाई अशीच रडली होती.

दारात पाहतो तर बाबूलाल मांडवाचे उरलेले बांबू तोडत बसलेला. मडक्यात गोवऱ्या पेटल्या होत्या. ओसरीत गावभरच्या बाया आणि मधोमध कुंताबाई छाती पिटत होती.

“अगे माय वोऽ! सकाळी भात खाल्ला रे माह्या लेकरानंऽ! अजून मांग म्हटलं तं लाजला रेऽ! तुह्या मायले आता कोण सांगनऽ!”

शेजारच्या बायजाबाईने त्या सुरात सूर मिसळला, “दुबईऊन आला रेऽ, अन् लाखनीत गेला रेऽ!”

ताराचंदने बायांच्या डोक्यांवरून मान लांबवली. त्याने पेटी पाहिली आणि क्षणभर त्याला बरं वाटलं. ही तर खेळातलीच पेटी! पण मग त्याला कापूस दिसला. नाकात कापूस. कानात कापूस. ओठात तुळस. गोंदियाला कापूस नव्हता! वर्ल्ड स्टार आपल्या घरी, आपल्या भातानंतर, आपल्या ओसरीत मेला. आता पोलीस येतील, लंडनहून साहेब येतील.

“मी नाकाशी हात धरून पाहिला जी,” कुंताबाई हुंदके देत म्हणाली. “वारा नाही! हात थंडेगार! अन् तुळस बी कोणी घातली, कापूस बी घातला, साऱ्याइले मालूम झालं अन् घरधनिणीलेच कोणी सांगितलं नाही!”

लक्ष्मणराव उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते. त्यांनी टोपी नीट केली. “ताराचंदजी, घरात मुडदा ठेवून पोरगी दाखवता का? आमची सोयरीक राहू द्या आता. चल रे.”

शेजारच्या दारात नवी साडी नेसून सत्यवती उभी होती. तिने मास्तरकडे पाहिलं. मास्तरने तिच्याकडे पाहिलं आणि बापाकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरून आले. ताराचंदने ते पाहिलं. आपल्या हौसेपायी पोरीचं वाटोळं झालं! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण पाहुण्यांसमोर ते बरं दिसलं नसतं, म्हणून तो पेटीकडे धावला आणि मुडद्याचे खांदे धरून गदगदा हलवायला लागला.

“ऊठ रे! मेहेरबानी कर बाप्पा! पाह्यजे तं उद्या मर!”

आता माणूस रोज त्याच पेटीतून उठत असेल, तर झोपेत कोणी पेटी हलवल्यावर तो काय करेल? रॉकी डायमंड ताडकन उठून बसला, दोन्ही हात आभाळात फेकले आणि छाती फोडून ओरडला,

“हॅलो लाखनीऽऽऽ!”

एका नाकपुडीतला कापूस उडून देवकाबाईच्या पुढ्यात पडला.

पुढचं कोणालाच धड सांगता येत नाही. बाबूलाल कुऱ्हाड टाकून जो सुटला तो थेट हायवेवर ट्रकवाल्यांना दिसला. खाटांवरचे पाहुणे खाटांसकट उलटले. लक्ष्मणराव मास्तरच्या मागे लपले. देवकाबाई मटकन खाली बसल्या. बायजाबाई तेवढी जागची हलली नाही. तिने कोपऱ्यातला खराटा उचलला आणि भुताला झोडायला सुरुवात केली.

“जातं का नाही? जातं का नाही मेल्या?”

“मारू नका वो माय!” वर्ल्ड स्टार पेटीत अंग चोरून बोंबलला. “मी भूत नोहो! मी डोमा हावो वो! आंबागडचा डोमा!”

ताराचंद कुठे होता? ओसरीच्या कोपऱ्यात धान साठवायची बांबूची ढोली उभी असते, पुरुषभर उंच, शेणाने सारवलेली. तो तिच्यात होता. कसा चढला ते त्याला आजही सांगता येत नाही. तळाशी जुना कोंडा होता, त्यात तो बसकण मारून गळ्यापर्यंत रुतला, आणि बाहेर पडायला हात धरायला काही नाही. ओरडावं तर तोंडात कोंडा जात होता. त्याला नुसतं ऐकू येत होतं.

आधी फाडकन आवाज आला. ही कुंताबाईची चपराक होती. मग तिच्या रडण्याचा आवाज आला, पण आता सूर वेगळा होता. “जित्ता माणूस नाकात कापूस घालते का रे, बेशरमा! जीव गेला ना माहा!”

“काकी, नाक वाहूनच राहिलं ना. लंडनची थंडी भरली.”

“खरंच गेलता का लंडनले?”

“गेलतो ना. दुसऱ्याच्या मांग नाचाले. पुढं उभं राहाले इकडंच भेटते.”

कोणीतरी हसलं. ती सत्यवती होती. आणखी एक हसू ऐकू आलं, ते बहुधा मास्तरचं. मग पाण्याचा तांब्या वाजला आणि देवकाबाईचा खोल गेलेला आवाज आला. “बाई, हा पोट्टा तुमच्या नात्यातला का?”

“नाही वो. सकाळीच आला. नावही मालूम नव्हतं.”

“मंग एवढ्या का रडल्या?”

कुंताबाईने पदराने नाक पुसलं. “त्याची माय तं इथं नव्हती ना, बाई. कोणी तरी रडाले पाह्यजे का नाही?”

ढोलीत ताराचंदच्या डोळ्यात पाणी आलं (थोडा कोंडाही होता). मग देवकाबाई म्हणाल्या, “अहो, ऐकलं का? सकाळी आलेल्या पोट्ट्यासाठी जी अशी रडते, तिची पोरगी माह्या घरात कोणाले उपाशी ठेवणार नाही. माह्याकडून तं सोयरीक पक्की. तुमचं काय?”

“अवं, पण ते भूत…” लक्ष्मणराव म्हणाले.

“भूत बी जेवलं या घरी. आणा कुंकू.”

“अन् पोरीचा बाप? त्याइले इचाराले नको का?”

“मी आहो ना!” ताराचंद ओरडला. बाहेर फक्त ‘म्म्म्’ असं काहीतरी ऐकू गेलं, आणि बायजाबाई म्हणाली म्हैस हंबरली.

“राहू द्या. ते असले का सोयरीक मोडतेच,” कुंताबाई म्हणाली.

कुंकू लागलं. साखर वाटली. डोमाने नाकातला उरलेला कापूस काढून सूर लावला आणि बाया हसतहसत मागे म्हणायला लागल्या. पोरीचं जमलं, या आनंदात ताराचंद ढोलीत एकटाच डोलत होता. पण आपल्यावाचून जमलं हे काही त्याच्या गळी उतरेना. शेवटी त्याने सगळा जोर लावून उडी मारली, ढोलीच्या काठावर काखा अडकवल्या आणि पांढराफटक कोंडा माखलेलं तोंड वर काढून, दोन्ही हात पसरून गर्जना केली,

“मले मंजूर हाय!”

कोणी घाबरलं नाही. कोणी पळालं नाही. बायजाबाईने खराट्याकडे नुसतं पाहिलं आणि उचलायची तसदीही घेतली नाही. देवकाबाई तोंडातली साखर चघळत कुंताबाईच्या कानाशी वाकल्या.

“इहिनबाई, हा बी कार्यक्रमातलाच का?”

कुंताबाईने ढोलीकडे पाहून एक लांब सुस्कारा सोडला.

“नाही वो,” ती म्हणाली. “हे तं आमच्या घरी बारा महिने चालू राह्यते.”