सरकवलेला पडदा

देवरावभाऊ येताना दिसले, की आमची मंडळी आधी तेलाचा डबा आत नेऊन ठेवायची. हे आमचे नालवाडीचे शेजारी. तरी चहा येईपर्यंत हे आत शिरून डब्याला टिचकी मारून, कान लावून मोकळे! "अजून भरून आहे, वहिनी. रिकामा झाला की मले सांगजा." मग त्या डब्याचं वाद्य व्हायचं: त्याला सागाची दांडी लागायची, सायकलच्या ब्रेकची तार चढायची आणि दांडीवर सुरांचे पडदे म्हणून सायकलचेच आरे बांधले जायचे. पुढे तेल पिशवीत मिळू लागलं, तेव्हा देवरावभाऊ घरचं कोणी गेल्यासारखे हिंडत होते.

पडदा कुठे बांधायचा, याचा त्यांना भारी ध्यास. पण फूटपट्टी वर्ज्य. तारेएवढा दोरा घ्यायचा. निम्मा दुमडला तिथे वरचा सा, तीन घड्या केल्या तर पहिल्या घडीशी प. "घडी खोटं नाई बोलत," हे पालुपद. एकदा मयतीला गेलो, तर तिथेही सुतळीच्या घड्या घालत बसलेले. काय म्हणावं या माणसाला!

त्यांची एकच हौस होती: आपलं वाद्य मोहल्ल्याच्या भजनात बसावं. मी शब्द टाकला. पेटीवाल्या गुरुजींनी ऐकलं, मान डोलावली. "फक्त ग उतरला आहे. तेवढा पडदा गव्हाएवढा सरकवा आणि रविवारपासून या."

"तो पडदा नाई सरकत," देवरावभाऊ म्हणाले, आणि डबा काखोटीला मारून चालते झाले.

माझं डोकंच फिरलं. मी भांडायलाच त्यांच्या घरी गेलो.

दारातच थबकलो. आत त्यांच्या पत्नी, शांतावहिनी, गात होत्या. एके काळी भजनात पहिला आवाज त्यांचा. लकवा मारल्यापासून मात्र त्यांना कोणी गाताना ऐकलं नव्हतं. शब्द तुटत होते. ग आला की आवाज जरासा खाली घसरायचा, आणि देवरावभाऊंचा ग नेमका तिथेच असायचा.

मला पाहून वहिनी लाजल्या, गप्प झाल्या. देवरावभाऊ अंगणात आले.

"पेटीसंग गायली तं तिले वाटे, आपून बेसूर झालो," ते हळू आवाजात म्हणाले. "लय रडली. तोंडच बंद केलं. याच्यासंग तसं नाई वाटत तिले."

"पण भाऊ, तुमची घडी?"

"घडी खोटं नाई बोलत," ते म्हणाले. "मी बोलतो."

आणि आत वळून मोठ्यानं म्हणाले, "थांबली काऊन? म्हण, म्हण. बरोबर चाललं होतं."