मेहुणा सोडून सर्वांना

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या चाळीस शाळांसाठीचा मुक्त प्रोग्रामांचा संच संध्याकाळी पाचला बाहेर पडायचा होता, आणि दुपारी दोनला मुंजियाने त्यातला घंटेचा प्रोग्राम अडवला. परवाने तपासणं हे तिचं काम. ह्या प्रोग्रामच्या परवान्यात लिहिलं होतं, 'हा कोणीही वापरावा, वाटावा, बदलावा. माझा मेहुणा लमीन सोडून.'

आता नियम असा, की जगात एकालाही मनाई असेल तर तो प्रोग्राम मुक्त नव्हे. सोमवारी शाळा उघडणार, तासांची घंटा वाजवायला दुसरं काही नाही, आणि मुख्याध्यापकांना छातीठोक शब्द दिलेला मुंजियानेच! लॅपटॉप काखोटीला मारून ती थेट प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दारात.

बशीरकाका म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. हटूनच बसले.

"एक अक्षर बदलणार नाही! ईदला माझ्या हातची कांदा-मनुकांची शरमूला चटणी चाखून म्हणतो, बाजारची दिसतेय! दोन दिवस कांदा परतत होतो गं मी, पोरी!"

"पण काका, लमीनमामा जमिनी मोजतात. त्यांना शाळेची घंटा कशाला लागतेय?"

"नाहीच लागत. तरी मिळणार नाही!"

झकियाकाकू म्हणजे ह्या लमीनची थोरली बहीण. कॉफी आदळत त्या म्हणाल्या, "एका कांद्यापायी चाळीस शाळा अडवा. शोभतं हो मास्तरांना!"

हे मात्र लागलं. काका नरमले. "खोड ती ओळ. पण त्याला कळता कामा नये."

मुंजियाने ओळ खोडली, सवयीने बाकीचं चाळलं आणि ईदच्या सुट्ट्या मोजणाऱ्या भागापाशी थबकली. तिथे लिहिलं होतं, 'हा भाग लमीनचा.'

"काका, हे काय?"

"तेव्हा आमचं बरं होतं. चंद्राचं गणित त्याला जमतं."

"लेखी परवानगी घेतलीत?"

"घरच्या माणसाची कसली लेखी परवानगी!"

"मग तो भाग त्यांच्या मालकीचा. अहो काका, त्यांना कसली मनाई करताय? विनापरवाना वापरताय ते तुम्ही!"

काकूंना हसू आवरेना. त्यांनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला.

"पोरांसाठी ना, ताई? मग विचारतेस काय? आत्ता लिहून पाठवतो," लमीन म्हणाला.

पाच मिनिटांत परवाना आला. मुंजियाने मोठ्याने वाचला, "'माझा भाग कोणीही वापरावा, वाटावा, बदलावा. बशीर भावोजींनीसुद्धा. मात्र ही ओळ प्रत्येक प्रतीत जशीच्या तशी राहावी.'"

काका ताडकन उठले. "ते भावोजींचं काढायला सांग त्याला!"

"का बरं? मनाई कुणालाच नाही. नियमात चोख बसतंय."

पाचच्या ठोक्याला संच बाहेर पडला. सोमवारी चाळीस शाळांत घंटा झाली, आणि चाळीसही ठिकाणी काकांना परवानगी असल्याचं कायमचं नोंदलं गेलं.

पुढच्या ईदला लमीन जेवायला आला. काकांनी खारी मासळी वाढली, शरमूलेचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घे. तुलासुद्धा परवानगी आहे."