टिटवीचं छप्पर, दात्यांच्या नावांसह

एका जंगलात, जिथं अजून कुणी पावतीपुस्तक छापलं नव्हतं तिथं, एक टिटवी राहत होती. जंगल कुठलं ते विचारू नका, मुलांनो. पत्ता कळला की तिथली मंडळी वर्गणी मागायला येतात.

या टिटवीला एक खोड होती. वाऱ्यानं घरट्यातून पडलेलं, आई परत न आलेलं, असं कुणाचंही पिल्लू दिसलं की ती त्याला आपल्या माळावर घेऊन यायची. आपल्यात अशांना समाजसेवक म्हणतात. जंगलात नुसतंच टिटवी म्हणायचे.

टिटवी म्हणे पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर झेलता यावं म्हणून. पण मागच्या चैत्रात गारा पडल्या, तेव्हा तिला काही झेलता आलं नाही. दोन पिल्लं गेली. तिनं ती माळावरच पुरली, पोटभर रडली आणि ठरवलं, पुढच्या चैत्राच्या आत छप्पर घालायचंच.

छप्पर म्हणजे काय, तर चार मेढी आणि वर पळसाची पानं. मेढी तिनं धडपडत स्वतःच रोवल्या. पानं आणायला मात्र मदत हवी होती.

ती अस्वलशेठच्या गुहेपाशी गेली. टिटवीचा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे.

"पानं द्या हो, पानं! पिल्लं मरतील!"

"अगं बाई, सकाळी सकाळी टिटवी!" आतून शेठची म्हातारी आई घाबरून म्हणाली. "आता कुणाचं बरंवाईट व्हायचंय?"

शेठनं गुहेच्या तोंडाला धोंडा लावून घेतला. पुढच्या घरीही तेच झालं. त्याच्या पुढच्या घरी तर कुत्री सोडली.

एका कावळ्याला तिची दया आली. "बाई, तुमचं काम चांगलं आहे, पण तुम्हाला मागता येत नाही," तो म्हणाला. "धनेशसरांचा वर्ग लावा."

धनेश हा पक्षी बायकोला झाडाच्या ढोलीत बसवतो, बाहेरून दार लिंपून घेतो आणि दिवसभर गोळा करत हिंडतो. त्यामुळे गोळा करण्यातला त्याचा अनुभव दांडगा. शिवाय नावातच धन.

फीची उंबरं पोचल्यावर सरांनी शिकवायला सुरुवात केली.

"आधी आवाज खाली आणा. तुम्ही ओरडता, त्यामुळे संकट आल्यासारखं वाटतं."

"पण संकटच येणार आहे."

"येऊ द्या ना. देणाऱ्याला ते ऐकू कशाला जायला हवं? आणि पिल्लांना काय हवंय, हे कधीही सांगायचं नाही. देणाऱ्याला काय हवंय, ते विचारायचं."

"त्याला काय हवं असतं?"

"नाव," सर म्हणाले आणि एक उंबर हवेत उडवून झेललं.

टिटवी पुन्हा अस्वलशेठकडे गेली. या वेळी अगदी लाडीगोडीच्या आवाजात म्हणाली, "शेठ, छपरावर आपल्या घराण्याचं नाव घालायचं म्हणतेय."

शेठ स्वतः धोंडा सारून बाहेर आले. "या, मध घ्या. पण बाई, पळसाच्या पानावर नाव टिकणार कसं? पहिल्या पावसात जाईल. आमच्याकडून दगड घ्या."

दगड आला. त्यावर कोरलं होतं : 'कै. मोहाबाई अस्वले यांच्या स्मरणार्थ.'

"आई आहेत ना अजून?" टिटवीनं दबकत विचारलं.

"आहे की. पण नंतर पुन्हा कोरायचं म्हणजे दुप्पट खर्च."

शेजारीच बसलेल्या म्हातारीनं दगड निरखून पाहिला. "अक्षर बरं काढलंय," एवढंच म्हणाली.

शेठनं दगड दिला म्हटल्यावर हत्तीनं त्याहून मोठा दिला. हत्तीचं नाव पाहून रानगव्यानं आणखी मोठं अक्षर मागितलं. एवढे दगड मेढींवर कसे राहणार? मग भिंती आल्या. भिंतींनाही देणगीदार मिळाले. सांबरानं वडिलांच्या नावाची पायरी दिली. मग त्याच्या लक्षात आलं, की वडिलांवर पाय पडेल. म्हणून पायरी दारात उभी लावली. ती ओलांडताना चढणाऱ्याची तारांबळ उडायची, पण वडिलांचा मान राहिला.

धनेशसर खूश होते. दारावर त्यांनी एक वेल बांधायला लावली. ती वाघोबांच्या हस्ते तुटणार होती. वाघोबांनी काहीच दिलं नव्हतं, म्हणून तेच अध्यक्ष.

"आई, आपण आत कधी जायचं?" सुगरणीच्या पिल्लानं विचारलं. टिटवीकडे आलेलं ते सगळ्यात लहान पिल्लू.

"उद्घाटन झालं की."

"वेलच तोडायची ना? मला येते चोचीनं."

"गप्प बैस," टिटवी म्हणाली. हळू आवाजात. ती आता शिकलेली होती.

वाघोबांची तारीख काही मिळेना. एकदा शिकार होती, एकदा शिकार पचायची होती. चैत्र लागला. छप्पर तयार आणि पिल्लं बाहेर, असे दिवस चालले होते.

एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं. पहिली गार टणकन पडली ती हत्तीच्या नावावर. दुसरी सुगरणीच्या पिल्लाच्या पंखाला चाटून गेली. टिटवी वेलीकडे धावली.

"थांबा, बाई!" झाडावरून धनेशसर ओरडले. "परवाची तारीख मिळतेय! इतके दिवस थांबलात, आता दोन दिवसांसाठी सगळं घालवू नका!"

टिटवीला माळावरचे ते दोन उंचवटे दिसले, जिथं मागच्या वर्षी तिनं माती लोटली होती. मग ती ओरडली. सगळं शिकलेलं विसरून, तिच्या मूळच्या, भसाड्या, अपशकुनी आवाजात ओरडली. जंगल दचकलं. तिनं चोचीनं वेल तोडली, एकेका पिल्लाला सांबराच्या वडिलांवरून पलीकडे ढकललं आणि शेवटी स्वतः आत पडली.

गारा पडून गेल्या. एकही पिल्लू गेलं नाही. मला हे सांगायला फार बरं वाटतंय, म्हणून पुन्हा सांगतो. एकही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी देणगीदारांची सभा भरली.

"वाघोबासाहेबांचा अपमान झाला," रानगवा म्हणाला.

"भाषण नाही, हार नाही, फोटोसुद्धा नाही!" हत्ती म्हणाला.

"आमच्या आईच्या स्मरणार्थ दिलेल्या वास्तूचं उद्घाटन एका टिटवीनं करावं?" अस्वलशेठनं डोळे पुसले.

ज्यानं त्यानं आपापला दगड उचलला. कुणाचा कुठला, यावरून जराही भांडण झालं नाही. त्या जंगलात इतकं शिस्तीत काम आधी कधी झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत माळावर टिटवीच्या चार मेढी तेवढ्या उरल्या.

शेठनं आपला दगड घरी नेऊन गुहेच्या तोंडाला लावला. म्हातारीला बाहेर पडायचं तर आता स्वतःचं स्मारक सरकवावं लागे. तिनं ते सरकवलं आणि पळसाच्या पानांचा भारा घेऊन ती हळूहळू माळावर आली.

सुगरणीच्या पिल्लानं एक पान ओढून घेतलं आणि कुणी न शिकवता विणायला बसलं.

टिटवीनं सवयीनं विचारलं, "आजी, नाव काय घालू?"

"नको गं बाई," म्हातारी म्हणाली. "मी आहे अजून."

तात्पर्य : मुलांनो, दान देताना दगडावर आपलं नाव ठळक अक्षरांत कोरून घ्यावं. परत नेताना घोटाळा होत नाही.